न थांबता चढायचा डोंगर

सोलापुरात डोंगर नाही. शहराच्या कोणत्याही बाजूच्या गच्चीवर उभे राहिले तरी नजर कुठे अडत नाही. आमच्या गल्लीला चढ माहीत होता तो रेल्वेच्या पुलाचा. सायकलवरून पूल चढताना माणूस मध्येच उतरतो की नाही, यावरून त्याच्या तब्येतीचा अंदाज बांधण्याची गल्लीत पद्धत होती. माझा थोरला भाऊ पस्तिसाव्या वर्षी पुलावर उतरू लागला.

त्याला आम्ही अण्णा म्हणत असू. तो कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होता. गाठींतून आलेला कापूस झाडून, पिंजून त्याची लांब, मऊ वात करण्याचे काम या खात्यात चालते. सूत काढणे, विणणे हे सगळे त्यानंतरचे. कापसातली पाने, बोंडांची टरफले, माती आणि बारीक तूस याच खात्यात वेगळे होते आणि बराचसा भाग हवेत राहतो. पाळी सुटून भाऊ घरी आला की त्याच्या भुवया आणि कानांवरचे केस पांढरे दिसत. तो दारातच पंच्याने डोके झटकी आणि गुळाचा खडा तोंडात टाकी. गुळाने घशातले तूस खाली जाते, असे खात्यात सगळेच मानत.

छातीचा त्रास त्याला चार-पाच वर्षे होता. त्या त्रासाला वेळापत्रक होते. आठवड्याची सुट्टी संपवून पाळीवर गेला की दुपारपर्यंत त्याची छाती आवळून येई. दुसऱ्या दिवशी ते कमी होई. आठवड्याच्या शेवटी त्याला काही झाले आहे असे वाटतही नसे. खात्यातल्या इतरांचेही कमीजास्त असेच होते. त्यावरून त्यांनी सगळ्यांनी मिळून एक निष्कर्ष काढलेला होता: सुट्टी बाधते. छातीला कापसाची सवय असते, सवय एक दिवस मोडली की छाती रुसते.

उपायही त्यातूनच निघाला होता. सुट्टीच्या दिवशी खात्यातली यंत्रे उघडून साफ करीत. त्या कामाला भाऊ आपणहून नाव देऊ लागला. आठवड्यातली सर्वांत जास्त धूळ साफसफाईच्या दिवशी उडते हे त्याला माहीत होते. त्याच्या हिशेबाने ते चांगलेच होते. सवय मोडत नव्हती. पहिल्या दिवशीचा त्रास खरोखरच कमी झाला आणि समजूत पक्की झाली. त्याच सुमारास, आधी पुलाच्या मध्यावर उतरणारा भाऊ सुरुवातीलाच उतरू लागला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नाहीत.

मीही पाहिल्या नाहीत. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधणे हे माझे काम होते. वहिनीने एकदा मला विचारले, "भावजी, सुट्टीनं छाती बिघडती व्हय?" मी म्हणालो, "बिघडत असंल. समदेच म्हणत्यात."

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्याची, दुष्काळ सरल्यानंतरची. त्या हिवाळ्यात भावापुढे एक निर्णय होता. त्याच्या भागातला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा प्रमुख, महिनाअखेर निवृत्त होणार होता आणि ती जागा भावाला मिळण्यासारखी होती. तेरा वर्षे तो तिची वाट पाहत होता. त्याच महिन्यात घडीखात्यातही एक जागा रिकामी झाली. तयार कापड मोजायचे, घडी घालायची, शिक्का मारायचा. तिथे धूळ नाही आणि मानही नाही. कार्डिंगमधला माणूस घडीखात्यात गेला की तो संपला, असे समजत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दम्याच्या गोळ्या दिल्या होत्या आणि धुळीपासून लांब राहा असे सांगितले होते. वहिनी घडीखात्याचा आग्रह धरून होती. भावाचे म्हणणे होते की छाती धडधाकट आहे, बाधते ती सुट्टी. जागा भरणाऱ्या मुकादमाला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे होते.

त्याच दिवसांत विजेची कपात आली. पाऊस कमी झाला होता, धरणांत पाणी नव्हते. गिरणी सलग तीन दिवस बंद राहिली. वीजच नसल्यामुळे साफसफाईही झाली नाही. भाऊ पहिला दिवस घरात बसून होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा सोबती आमच्याकडे आला. हा लूमखात्यात विणकर होता. घरी तेलुगू बोलणारा, बाहेर अस्सल सोलापुरी. दरवर्षी तो तुळजापूरला चालत जाई आणि वाटेवरचे प्रत्येक झाड ओळखी. भाऊ आणि तो एकाच दिवशी गिरणीत लागले होते.

वहिनीने त्याच्यासमोर विषय काढला. त्याने ऐकून घेतले आणि भावाला म्हणाला, "तुझी छाती म्हंजे गिरणीचं फाटक हाय बे अण्णा. पाळीला उघडं, सुट्टीला बंद."

भाऊ चिडला. "छाती चांगली हाय. काय करून दावू सांग."

"पूल चढून दाव."

"पुलाचं काय घिऊन बसलास? तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडं डाव्या हाताला त्यो डोंगर हाय बघ, तू सांगतोस त्यो. त्यो चढून दावतो. न थांबता."

मग त्याने अटी सांगितल्या. डोंगर न थांबता चढला तर जॉबर. मध्ये एकदा जरी थांबला तर घडीखाते, आणि त्यानंतर घरात हा विषय कोणी काढायचा नाही. सायकलवरचा प्रवास धरायचा नाही, कारण सायकल पाय चालवतात, छाती नव्हे. साक्षीदार म्हणून मी जायचे, कारण माझ्याकडे घड्याळ होते.

"आनि त्यो पेपरात हाय," भाऊ म्हणाला. "खोटं लिवणार न्हाय."

"दुसरं काय लिवत्यात की पेपरात?" सोबती म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तो सायकल घेऊन दारात उभा होता.

तीन सायकली होत्या. भावाची आणि सोबत्याची स्वतःची, माझी कचेरीतल्या शिपायाकडून मागून आणलेली. सोबत्याच्या दांडीला पंप बांधलेला, खिशात सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबचे तुकडे. भावाच्या कॅरिअरवर फडक्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन कांदे. वारा समोरून होता. सोबती पुढे राहून वारा अडवी, मध्ये भाऊ, मागे मी. तामलवाडीला चहा घेतला. तिथपर्यंत भाऊ एकदाही खोकला नव्हता, हे मी वहीत लिहिले.

चाळीसएक किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. डांबरी रस्ता सोडून डावीकडे दुष्काळी कामातला खडीचा रस्ता होता. तो एका वस्तीपाशी संपत होता. वस्ती म्हणजे दोन घरे, एक गोठा आणि कडब्याची गंज. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना आम्ही विचारले, सायकली ठेवू का? त्यांनी आमच्याकडे, मग आमच्या मागे पाहिले.

"शेळ्या कुटं हायत?" त्या म्हणाल्या.

"शेळ्या न्हाईत मावशी. आमी गिरणीतली मानसं."

"मग वर काय काम हाय?"

"नुसतं चढायचंय."

"नुसतं?" त्यांनी आत कोणाला तरी हाक मारून सांगितले, "आगं ये, बघ की. नुसतं चढाया आल्यात."

डोंगर म्हणावा इतका तो उंच नव्हता. बालाघाटाची जी कड सोलापूरच्या बाजूला उतरते, तिचाच तो एक सुटा भाग होता. पण आमच्यासारख्यांना तो पुरेसा होता. पायथ्याला ज्वारीची शेते, मग कुसळी गवताचा उतार, अर्ध्यावर एकच लिंबाचे झाड, त्यावर काळा कातळ आणि माथ्यावर शेंदूर लावलेले दगड आणि एक भगवे फडके. पायवाट शेळ्यांची होती, म्हणजे सरळ नव्हती.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही गोठ्यापासून निघालो. भाऊ पुढे होता. त्याने चाल लहान ठेवली, हात मागे बांधले. तो पाळीवर यंत्रांच्या रांगेतून असाच फिरत असावा. त्याने मागे वळून पाहिले नाही आणि तो बोलला नाही. सोबती सुरुवातीला बोलत होता. लिंबाच्या झाडापाशी त्याने बिडी पेटवली आणि खाली बसला.

"मी जॉबर न्हाय हुनार," तो म्हणाला. "मला थांबाया काय हरकत न्हाय."

भाऊ थांबला नाही. लिंब नऊ वाजून बावीस. कातळ नऊ बत्तीस. कातळावर हात टेकून चढावे लागत होते, तिथे त्याचा श्वास मला ऐकू आला. तो माझ्या श्वासापेक्षा मोठा नव्हता. नऊ एक्केचाळीसला त्याने माथ्यावरच्या दगडाला हात लावला. छत्तीस मिनिटे. एकही थांबा नाही.

तो बसला नाही. दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "गिरणीची चिमणी दिसतीया का रे?"

"एवढ्या लांबनं न्हाय दिसायची."

"दिसायला पाहिजे व्हती." तो हसला. मी त्याला कित्येक महिन्यांत असे तोंड उघडून हसताना पाहिले नव्हते. हसले की खोकला येई म्हणून तो हसत नसे, हे मला तेव्हा कळले.

सोबती वीस मिनिटांनी वर आला आणि त्याने भावाला वाकून नमस्कार केला. "जॉबरसाहेब, रजा मंजूर करा." आम्ही तिथेच भाकरी खाल्ली. खाली आल्यावर बाईंनी विचारले, "झालं का नुसतं चढून?" परतीला वारा पाठीशी होता. पुलावर मात्र सवयीने आम्ही तिघेही उतरलो. मग भावाच्या लक्षात आले, तो पुन्हा सायकलवर बसला आणि पूल चढून गेला. वहिनीला त्याने दारातूनच सांगितले, "छत्तीस मिन्टं. इच्यार ह्याला."

मी वही दाखवली. वहिनीने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. भाऊ पहिल्या पाळीला गेला. मी दुपारी चारच्या सुमारास कचेरीला निघण्याच्या तयारीत होतो, तेव्हा तो घरी आला. त्याने डोके झटकले नाही. भिंतीला पाठ लावून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि खांदे वर घेऊन श्वास घेऊ लागला. वहिनी पाणी घेऊन आली. ते त्याने बऱ्याच वेळाने घेतले.

"तीन दिस सुट्टी," तो म्हणाला. "तिप्पट बाधली."

मी चपला घातल्या होत्या त्या काढल्या. माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला होता; तो आधीच यायला हवा होता. सुट्टी बाधत असेल, तर सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी हा माणूस डोंगर कसा चढला? बाधायला दोन दिवस झाले होते.

मी त्याला तसे विचारले.

"बाधा मागनं कळती."

"मागनं म्हंजे कवा? पाळीवर गेल्यावरच?"

"व्हय."

"मग बाधलं काय?"

त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "तू शिकलास, तुला बोलाया येतंय. मी डोंगर चढलो का न्हाय?"

"चढलास."

"मग झालं की."

आमच्या कचेरीत वृत्तसंपादकांचा एक नियम होता: एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही, दुसरीकडून खात्री करायची. मी भावाला तेच सांगितले. एकदा चढलास ती एक साक्ष झाली. तीन दिवस कापसापासून लांब राहून चढलास. आता आठवडाभर पाळी कर, सुट्टीला साफसफाईही कर, छातीची सवय अजिबात मोडू देऊ नकोस, आणि मग तोच डोंगर पुन्हा चढ. तुझे खरे असेल तर या वेळी छत्तीसच्या आत चढशील.

ही सूचना करताना मला वाईट वाटत होते. तो थांबेल असे मला वाटत होते, आणि थांबला तर तेरा वर्षांची जागा जाणार होती. न थांबला तर त्याहून जास्त काही जाणार होते. त्याला यातले पहिले माहीत होते. दुसरे मी बोललो नाही.

"चढतो की," तो म्हणाला. "अटी त्याच."

पुढच्या आठवड्यात कपात दोन दिवसांची झाली. पहिल्या दिवशी काही तास वीज मिळाली, त्यात साफसफाई उरकली. भाऊ त्या कामावर होता. दोन आठवड्यांचे साठलेले तूस एकदम निघाले, असे तो घरी येऊन म्हणाला, आणि त्याने गुळाचे दोन खडे खाल्ले. छाती हलकी आहे, असेही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही तिघे निघालो.

सगळे तेच ठेवले होते. त्याच सायकली, तेवढीच भाकरी, वाराही समोरूनच. रस्ता मात्र तोच राहिला नाही. तामलवाडीच्या अलीकडे एका लहान चढावर भाऊ खाली उतरला. सोबती पुढे निघून गेला होता, तो वळून आला. त्याने आपल्या सायकलचे चाक उगाच दाबून पाहिले. "हवा कमी हाय," म्हणाला. त्याने चांगल्या चाकात पंप मारला आणि भावाला तेवढा वेळ मिळाला. पायथ्याला पोहोचायला आम्हाला चार तासांना थोडे कमी लागले.

मावशी गोठ्यापाशी शेण भरत होत्या. त्यांनी आम्हाला ओळखले.

"पुन्यांदा? काय इसरून गेल्ता का वर?"

"व्हय," भाऊ म्हणाला. "इसरलंय जरा."

आम्ही नऊ पन्नासला निघालो. या वेळी सोबती बडबड करीत नव्हता. तो भावाच्या मागे दोन पावलांवर चालत होता. कुसळाचा उतार अर्धा झाला असेल, तेव्हा भावाची चाल बदलली. त्याने मागे बांधलेले हात सोडले आणि मांड्यांवर ठेवले. श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. माझ्या आणि त्याच्यात दहा फुटांचे अंतर होते, तरी तो ऐकू येत होता.

सोबती एकदम खाली बसला आणि त्याने पोटरी धरली. "अयायाया! गोळा आला बे पायात. अण्णा, थांब. लई मोठा गोळा आलाय."

भाऊ थांबला नाही. "तुझा पाय तू बघ."

"मानूस हाय का कोन हायस? सोबत्याला टाकून जातोस?"

"गोळा कोन्त्या पायात आलाय?"

सोबत्याने क्षणभर विचार केला. "दोन्ही."

भावाला हसू आले. हसला तशी खोकल्याची उबळ आली आणि त्या उबळीत त्याला कमरेत वाकावे लागले. पण पाय चालूच होते. तो तसाच वाकून आणखी तीस-चाळीस पावले गेला. लिंबाच्या झाडापाशी त्याने बुंध्याला हात लावला. हात तिथेच राहिला. मग पाय थांबले.

मी घड्याळ पाहिले. दहा वाजून चौदा. वही खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही.

सोबती दोन्ही पायांनी व्यवस्थित चालत वर आला आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसला. त्याने बिडी काढली, भावाकडे पाहिले आणि परत खिशात ठेवली.

"लिव्हलंस का?" भावाने मला विचारले. त्याला दोन शब्दांसाठी दोन श्वास लागले.

"लिव्हतो."

"लिव्ह. आत्ता लिव्ह."

मी लिहिले. दहा चौदा, लिंब, थांबला. त्याने वही मागून घेतली आणि पाहिली. त्याने मागचे पान उलटले, तिथले नऊ बावीस पाहिले, लिंब. पुन्हा पुढचे पान. गिरणीतल्या नोंदी वाचण्याची त्याला सवय होती; आकड्यांवरून बोट फिरवत तो वाचायचा. हे त्याने तीन-चार वेळा केले.

"मधी काय झालं ह्या दोन्हीच्या?" त्याने विचारले. प्रश्न मला नव्हता. त्याचे उत्तर तोच देत होता, बोटे मोजीत: "पाच पाळ्या. एक साफसफाई."

मग म्हणाला, "सुट्टी एकबी न्हाय."

सोबती म्हणाला, "गेल्या खेपेला थंडी व्हती अण्णा. आज ऊन हाय. उन्हानं बी हुतंय."

"गप बस."

"मी कुनाला सांगत न्हाय. ह्यो पेपरवाला सांगंल तर त्याचं त्यो बघंल. वर जाऊन आलो म्हनून सांगू."

"गप बस म्हन्लं की."

वीसेक मिनिटांनी भावाचा श्वास खाली आला. मला वाटले आता परत फिरायचे. तो उठला आणि वरच्या बाजूला तोंड केले. आलोच आहोत तर वर जाऊ, म्हणाला. आता थांबायला काही हरकत नाही. सोबत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पदा, पदा," तो त्याच्या भाषेत म्हणाला, म्हणजे चल. कातळापर्यंत आम्ही चार वेळा थांबलो, कातळावर दोन वेळा. हे थांबे मी मोजले, पण लिहिले नाहीत. माथ्यावर भावाने चिमणी शोधली नाही. शेंदराच्या दगडाला टेकून बसला आणि घडीखात्यात खुर्ची असते का, असे सोबत्याला विचारले.

"स्टूल असतंय."

"स्टूल बी चालंल."

उतरल्यावर मावशींनी ओंजळभर हुरडा दिला. "गावलं का इसरल्यालं?" त्यांनी विचारले. भाऊ म्हणाला, "गावलं मावशी." त्या रात्री... असे लिहिण्यासारखे काही झाले नाही. आम्ही दिवे लागायला घरी पोहोचलो. वहिनीने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आणि विचारले नाही. अटच तशी होती. सकाळी भावाने मुकादमाला सांगितले की जॉबरची जागा दुसऱ्याला द्या.

मी ती दोन पाने वृत्तसंपादकांना दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली. "एका माणसाची छाती ही बातमी होत नाही," ते म्हणाले. "दहा माणसं आण." ते बरोबर होते. मी दहा माणसे आणली नाहीत. माझ्या हाताखालून रोज जाणाऱ्या मजकुरात कपात होती, पाणी होते, निवडणुका होत्या. दहा माणसे शोधायला जावे लागले असते आणि ती मला काय म्हणतील हे मला माहीत होते.

भावाला ती माणसे जे म्हणायची ते म्हणालीच. घडीखात्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या खात्यात सांगून पाहिले की सुट्टी बाधत नाही, कापूस बाधतो. सुट्टीनंतर तो नव्याने कळतो, एवढेच. खाते हसले. त्याच्या जागी साफसफाईला नाव दिलेला माणूस म्हणाला, "अण्णा, तुला डोंगर बाधला. कुनी सांगितल्तं नसती उठाठेव?"

घडीखात्यात गेल्यावर भावाचा त्रास गेला नाही, पण वाढायचा थांबला. पुलावर तो आता मध्यापर्यंत जाऊन उतरे. दुसरा बदल असा की तो सुट्टी घेऊ लागला, आणि सुट्टीत घरी बसेना. कपात चालू असेपर्यंत, आणि पुढे सणावाराला गिरणी दोन-तीन दिवस बंद राहिली की, तो जुन्या खात्यातल्या एखाद्या माणसाला सायकल घेऊन बोलावी. वाद घालत नसे. तिसऱ्या दिवशी डोंगरावर नेई, पुढे पाळ्या झाल्यावर एखाद्या सुट्टीला पुन्हा नेई, आणि लिंबाच्या झाडापाशी बसून राही. वर्षभरात त्याने तीन माणसे नेली. दोघांनी खाते बदलून मागितले. त्यांतल्या एकालाच मिळाले. तिसऱ्याने भावाशी बोलणे सोडले.

त्यांपैकी एका खेपेला मी बरोबर होतो. साफसफाईला नाव देणारा, डोंगर बाधला म्हणणारा तो माणूस होता. आम्ही सायकली गोठ्याला टेकवल्या. मावशी बाहेर आल्या, भावाला पाहून मान हलवली आणि नव्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आनि ह्यांचं काय ऱ्हायलंय वर?"

त्या माणसाने भावाकडे पाहिले. भाऊ चपलेतला खडा काढत होता.

"ते वर गेल्यावर सांगत्याल," तो म्हणाला, आणि वही माझ्याकडून घेऊन त्या माणसाच्या हातात दिली. "वेळ तूच लिव्ह."